टाकीवरचा वीरू आणि तालुक्याचे पान

बुलढाणा जिल्ह्यात वर्तमानपत्राचे तालुका पान वाचणाऱ्याला 'शोले स्टाइल आंदोलन' म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगत नाही. हे तीन शब्द मथळ्यात दिसले की चित्र आपोआप उभे राहते. गावातली पाण्याची उंच टाकी, वरच्या कठड्याला धरून उभी असलेली दोन-चार माणसे, खाली जमलेला गाव, ठाणेदारांची गाडी आणि 'निघालोच आहे' म्हणत अजून न पोहोचलेले तहसीलदार. बातमीत चित्रपटाची गोष्ट येत नाही, वीरू कोण तेही येत नाही. काही बातमीदार तर एकाच शब्दात काम भागवतात : वीरूगिरी.

सिनेमाचा समाजावर परिणाम होतो का, हा वाद जुना आहे. तो बहुतेक वेळा कपडे, केशरचना आणि गुन्हेगारी यांच्याभोवतीच फिरतो. लिहिण्यावर होणाऱ्या परिणामाकडे फारसे कुणी पाहत नाही. खरे तर तो तपासायला सर्वांत सोपा, कारण तो छापून आलेला असतो. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, रोज जे साधे लिखाण होते, म्हणजे बातम्या, निवेदने, इशारे, चौकातले फलक, त्यात हिंदी-मराठी सिनेमा किती खोलवर मुरला आहे, हे पाहण्यासारखे आहे.

'शोले' प्रदर्शित झाला १५ ऑगस्ट १९७५ रोजी. रमेश सिप्पी यांचे दिग्दर्शन, सलीम-जावेद यांचे लेखन, बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत झालेले चित्रीकरण. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. मराठी प्रेक्षकाला त्यात आपली माणसेही भेटली : कालिया झालेले विजू खोटे आणि अहमद झालेला सचिन. पण या चित्रपटाचा शब्दांवरचा प्रभाव समजून घ्यायचा तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गाण्यांपाठोपाठ पॉलिडॉर कंपनीने त्याच्या संवादांची तबकडी बाजारात आणली आणि ती तडाख्याने खपली. पुढे कॅसेट आल्या. लग्नाच्या मांडवात, गणपतीसमोर, हॉटेलात कर्ण्यावरून गाण्यांच्या जोडीने संवाद वाजू लागले. ज्यांनी चित्रपट पाहिला नव्हता त्यांनाही तो तोंडपाठ झाला. चित्रपट आधी कानांनी पोहोचला, हे त्याच्या लिखाणातल्या दीर्घ आयुष्याचे मोठे कारण म्हणावे लागेल. कानावर पडून पाठ झालेले वाक्य लिहिताना हाताशी लवकर येते.

आता तो टाकीचा प्रसंग. बसंतीशी लग्न व्हावे म्हणून दारू प्यालेला वीरू गावच्या पाण्याच्या टाकीवर चढतो आणि उडी मारण्याची धमकी देतो. खाली गाव जमतो. वीरू वरून सांगतो की तो मेल्यावर पोलीस येतील आणि बसंतीची मौसी तुरुंगात जाईल. लोक मौसीला गळ घालतात आणि मौसी मान तुकवते. प्रसंग विनोदी आहे, धर्मेंद्र यांनी तो विनोदी अंगानेच रंगवला आहे. पण त्याची हाडे तपासली तर ती एका आंदोलनाची आहेत. उंच जागा, जमाव, एकच मागणी, जिवाची धमकी आणि मृत्यूची जबाबदारी समोरच्यावर.

हीच हाडे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात रोज येणाऱ्या निवेदनांत सापडतात. निवेदनाचा साचा ठरलेला असतो. वर 'प्रति, मा. जिल्हाधिकारी साहेब', मग 'विषय', मग 'संदर्भ', म्हणजे याआधी दिलेल्या आणि उत्तर न मिळालेल्या निवेदनांच्या तारखा. त्यानंतर तक्रार. शेवटच्या परिच्छेदात 'अन्यथा' हा शब्द येतो, त्यामागे आंदोलनाचा प्रकार आणि तारीख, आणि मग ते अटळ वाक्य : होणाऱ्या परिणामास सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील. खाली प्रतिलिपी तहसीलदारांना आणि ठाणेदारांना. वीरूने मौसीवर टाकलेली जबाबदारी आणि निवेदनातली ही ओळ यांचे काम एकच आहे. फरक इतकाच की निवेदनाच्या पाठीशी असलेले दुःख खरे असते.

सुरुवातीला 'शोले स्टाइल' हे बातमीदाराने दिलेले नाव होते. आंदोलक टाकीवर चढायचा आणि नाव पेपरवाला ठेवायचा. आज तसे राहिलेले नाही. संघटना आणि गावकरी आधीच 'शोले स्टाइल आंदोलनाचा इशारा' देतात. वर्णनासाठी आलेले शब्द आता उपोषण, ठिय्या, रास्ता रोको यांच्या पंगतीला, आंदोलनाचा एक रीतसर प्रकार म्हणून बसले आहेत. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट जवळ आले की असे इशारे वाढतात, कारण त्या दिवशी झेंडावंदनासाठी पालकमंत्री आणि सारे प्रशासन जिल्ह्याच्या ठिकाणी हजर असते. 'शोले'च्या प्रदर्शनाची तारीखही नेमकी १५ ऑगस्ट, हा निव्वळ योगायोग.

टाकीच का, याचे उत्तर मात्र सिनेमात शोधून भागणार नाही. गावातली सर्वांत उंच बांधीव जागा बहुधा पाण्याचीच टाकी असते. तिला शिडी असते, ती सरकारी मालकीची असते आणि ती सगळ्या गावाला दिसते. घाटाखाली तर टाकीला आणखी एक अर्थ आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागातून पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा जातो. विहिरी-बोअरचे पाणी खारट, त्यात क्षारांचे प्रमाण भरमसाट आणि मूत्रपिंडाच्या विकाराने घरेच्या घरे गांजलेली. इथे गोड्या पाण्याची टाकी ही चैन नव्हे, औषध आहे. ती बांधून झाली आणि कोरडीच राहिली, तर तिच्यावर चढलेल्या माणसाला वीरूचे नाव देताना हात थोडा अडखळायला हवा.

टाकीवरून उतरवण्याची पद्धत सिनेमापेक्षा वेगळी आहे आणि तिच्यात लिखाणाला मोठा मान आहे. मौसीचा तोंडी होकार वीरूला पुरला. जिल्ह्यातला आंदोलक तोंडी शब्दावर उतरत नाही. त्याला 'लेखी आश्वासन' लागते. गटविकास अधिकारी किंवा उपअभियंता लेटरहेडवर चार ओळी लिहितो, त्यात मुदत टाकतो, सही करतो, शिक्का मारतो. जावक क्रमांक पडला आहे की नाही, हे वर बसलेला माणूस विचारून घेतो, कारण जावक क्रमांकाशिवायचे पत्र म्हणजे साधा कागद, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. मग 'लेखी आश्वासनानंतर आंदोलन मागे' अशी ओळ घालून बातमी संपते. त्या पत्रातल्या मुदतीचे पुढे काय झाले, याची बातमी क्वचितच येते.

'शोले' एकटा नाही. तालुका पानावर चित्रपटांची एक सबंध बाराखडी तयार झाली आहे. २००४ च्या 'धूम'मुळे दुचाकीवरून मंगळसूत्र ओढून पळणारे चोर 'धूम स्टाइल' पळू लागले. २००५ च्या 'बंटी और बबली'ने फसवणूक करणाऱ्या प्रत्येक जोडीला नाव दिले. 'मुन्नाभाई' हा शब्द परीक्षेला बसणाऱ्या तोतया उमेदवारालाही लागतो आणि पदवी नसताना दवाखाना थाटणाऱ्यालाही. २०११ च्या 'सिंघम'नंतर कडक अधिकारी 'सिंघम' झाला आणि महिला अधिकारी 'लेडी सिंघम'. 'दृश्यम'ची गोष्ट मल्याळममध्ये २०१३ साली आली, निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये ती हिंदीत गोव्यात आणून बसवली आणि तेव्हापासून पुरावा पुरून ठेवणारा खुनी 'दृश्यम स्टाइल' वागतो. ट्रकमध्ये चोरकप्पा सापडला की 'पुष्पा' आठवतो. तोतया आयकर अधिकाऱ्यांनी धाड घातली की 'स्पेशल २६'. यातले शेवटचे उदाहरण विशेष आहे, कारण त्या चित्रपटाचा आधारच मुंबईत १९८७ साली ऑपेरा हाउसजवळच्या एका सराफी पेढीवर पडलेली खोटी धाड हा होता. घटना बातमीत आली, बातमीचा चित्रपट झाला आणि आता चित्रपट पुन्हा बातमीचा मथळा होतो.

या सगळ्यांत भाषेला खरी देणगी मिळाली ती 'गांधीगिरी'ची. नागपूरचे राजकुमार हिरानी यांचा 'लगे रहो मुन्नाभाई' १ सप्टेंबर २००६ ला आला. त्यातल्या गांधीजींच्या भूमिकेसाठी दिलीप प्रभावळकर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'गिरी' लावून शब्द घडवणे मराठीला नवे नव्हते. कामगिरी, मुलूखगिरी, दादागिरी हे शब्द होतेच आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' हेच नाव दिले होते. त्यामुळे 'गांधीगिरी' हा शब्द मराठी कानाला परका वाटलाच नाही. 'वीरूगिरी'ही याच साच्यातून निघाली.

गांधीगिरी विदर्भात पोहोचायला वेळ लागला नाही. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले होते. त्या सहांत बुलढाणा होता. चित्रपट आला त्याच्या पुढच्याच महिन्यात विदर्भ जनआंदोलन समितीच्या शेतकऱ्यांनी कर्जवसुलीच्या निषेधार्थ बँकवाल्यांना फुले देऊन गांधीगिरी केली. पडद्यावरची कल्पना इतक्या लवकर इतक्या गंभीर प्रश्नाला जोडली गेल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. तेव्हापासून गैरहजर साहेबाच्या खुर्चीला हार घालणे आणि उशिरा येणाऱ्या कर्मचाऱ्याला गुलाब देणे या सगळ्याचे छापील नाव गांधीगिरी.

वऱ्हाडात निषेधाची भाषा सिनेमाने शिकवली, असे मात्र कुणी समजू नये. रस्त्यातल्या खड्ड्यात बेशरमाचे झाड लावणे हा इथला अस्सल प्रकार आहे. बेशरम ही नाल्याकाठी माजणारी, जांभळट फुलांची झुडपी वनस्पती. तोडली तरी फुटते, जनावर तिला तोंड लावत नाही. खड्ड्यात तिची फांदी रोवली की वेगळे भाषण करावे लागत नाही. डफडे वाजवत कार्यालयावर जाणे, मुंडण करणे, साहेब भेटला नाही तर त्याच्या रिकाम्या खुर्चीला निवेदन चिकटवणे, रस्त्यावर सोयाबीन ओतणे या सगळ्यांना स्वतःची नावे आहेत आणि ती नावे काय घडले ते सरळ सांगतात. 'डफडे बजाओ आंदोलन' वाचून काय झाले ते कळते. 'शोले स्टाइल' वाचून कळते ते चित्रपटात काय झाले होते.

कोणता चित्रपट मथळ्यात शिरतो, यालाही काही कारण आहे. त्यात एक ठसठशीत कृती लागते आणि नाव आटोपशीर लागते. नुसते गाजणे किंवा चांगले असणे पुरत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण मथळ्यांना त्याने एकही शब्द दिला नाही. त्याहून बोचणारे उदाहरण सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'चे. २००९ चा हा चित्रपट विदर्भातल्या कापूसपट्ट्यातल्या शेतकऱ्याची घुसमट सांगतो. तो इथल्या मातीचा, इथल्या बोलीचा आहे. तरीही शेतकऱ्याच्या जिवावर बेतलेल्या प्रसंगाची बातमी लिहिताना त्याची आठवण होत नाही. आठवतो तो कर्नाटकातल्या टेकड्यांत चित्रित झालेला, लग्नासाठी टाकीवर चढलेला वीरू.

मराठी चित्रपटांत ही जागा एकट्या 'सैराट'ने मिळवली आणि तिथे हा विषय गंभीर होतो. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला आणि शंभर कोटींचा गल्ला ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. आर्ची आणि परशा ही नावे दुचाकींच्या नंबरप्लेटपर्यंत गेली, 'झिंगाट' वरातीत गेले. आंतरजातीय प्रेम केलेल्या जोडप्याच्या खुनावर संपणाऱ्या या चित्रपटाने मराठी मथळ्यांना एक वाक्प्रयोग दिला : 'सैराटची पुनरावृत्ती'.

असे खून चित्रपटाआधीही होत होते. १ जानेवारी २०१३ ला सोनईत तीन दलित तरुण मारले गेले. त्या खटल्यात जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका दलित मुलाला मारून झाडाला लटकवले गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ही प्रकरणे महाराष्ट्राच्या स्मरणात गावाच्या नावाने आहेत. सोनई म्हटले, खर्डा म्हटले की गाव, जात आणि न्यायालय सगळे समोर येते. २०१६ नंतरच्या अशा अनेक खुनांचे गाव वाचकाला आठवत नाही, कारण मथळ्यात गावाच्या जागी चित्रपटाचे नाव बसले. विदर्भाला खैरलांजी हे नाव विसरता येत नाही. ते भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्याचे नाव आहे म्हणूनच विसरता येत नाही.

साचा आधी तयार असला की तपासही त्यात ओतला जातो. मे २०१९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निघोजमध्ये आंतरजातीय विवाह केलेल्या एका तरुणीचा जळून मृत्यू झाला. माहेरच्यांनी पेटवले, असा आरोप झाला आणि 'सैराट'चे मथळे राज्यभर गेले. काही दिवसांतच तपास उलट दिशेने वळला आणि पोलिसांचा संशय पतीवर आला. घाईत लिहिलेला मथळा मात्र तोवर सर्वदूर पोहोचला होता.

दुसरा घोटाळा याहून शांतपणे होतो. तालुका पानावर खुनालाही 'सैराट' म्हणतात आणि पळून जाण्यालाही. पळून गेलेली मुलगी पंधरा वर्षांची असली तरी बातमीत ते 'सैराट' जोडपे असते. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलगी बालक आहे आणि तिच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच येत नाही. 'सैराट' म्हटले की हे बालक नायिका होऊन बसते. उलट, सज्ञान जोडप्याला कामी येईल अशी माहिती, म्हणजे २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्तिवाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्या-जिल्ह्यात विशेष कक्षाचे आदेश दिले आहेत, ही एक ओळ अशा बातम्यांत सापडत नाही. ती एखाद्याचा जीव वाचवू शकते.

बिरुद घटनेच्या पुढे धावले की काय होते, ते बुलढाण्याने अगदी अलीकडे सोसले आहे, आणि तेही सिनेमाच्या नावाशिवाय. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. माध्यमांनी त्याला 'टक्कल व्हायरस' म्हटले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण फार वाढल्याचे आणि जस्त घटल्याचे दाखवून त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. विषाणूचा त्यात काही संबंध नव्हता. पण नाव चिकटले ते चिकटले. गावात यायला लोक बिचकू लागले, सोयरिकी अडल्या. दोन शब्दांची किंमत गावांनी भरली.

चित्रपटाचे नाव बातमीत येऊच नये, असे म्हणण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या बातमीदाराला थोड्या जागेत, थोड्या वेळात लिहायचे असते आणि वाचकाने थांबावे ही त्याची गरज खरी आहे. 'धूम स्टाइल' लिहिल्याने कुणाचे नुकसान होत नाही. प्रश्न येतो तो जिथे माणूस जिवावर उदार झालेला असतो तिथे. १५ ऑगस्ट २०२५ ला जिगाव धरण प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या मागणीसाठी जळगाव जामोद तालुक्यात जलसमाधी आंदोलन झाले. त्यात एक आंदोलक पूर्णेच्या पुरात वाहून गेला आणि मरण पावला. देशाचा स्वातंत्र्यदिन साजरा होत होता आणि 'शोले'ला त्याच दिवशी पन्नास वर्षे पूर्ण होत होती. पूर्णेच्या पाण्यात उतरलेल्या माणसाची मागणी एका ओळीत मावण्यासारखी होती : घर बुडणार आहे, त्याआधी दुसरे द्या.

कायद्यानेही आता या इशाऱ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ नव्या भारतीय न्याय संहितेत उरले नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच संहितेच्या कलम २२६ ने लोकसेवकाला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याला काही करायला भाग पाडण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवला. त्याला एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. म्हणजे टाकीवर चढून उडी मारू पाहणारा माणूस तुरुंगातही जाऊ शकतो. निवेदन लिहून देणाऱ्यांनी हे सहीआधी वाचून दाखवले पाहिजे.

म्हणून जिल्ह्यातल्या बातमीदारांना, उपसंपादकांना आणि निवेदने लिहून देणाऱ्या कार्यकर्त्यांना एवढीच विनंती. मथळ्यात पहिली जागा गावाच्या नावाला आणि मागणीला द्यावी. चित्रपटाचे नाव लिहायचेच असेल तर ते खालच्या ओळीत जावे. 'सैराट' लिहिण्याआधी मुलीचे वय आणि तपासाची स्थिती विचारून घ्यावी. आणि लेखी आश्वासनावर जी तारीख असते ती डायरीत टिपून ठेवावी. मुदत संपली की त्या गावात जाऊन नळाला पाणी आले का, ते पाहावे आणि त्याचीही बातमी द्यावी.